दुसऱ्याच्या डब्यातले तेल

मित्रांनो, मी एक जुना लॉनमोवर आहे, म्हणजे हिरवळ कापणारे यंत्र, आणि माझा स्वभाव जळका आहे. हे आधीच सांगून टाकतो. बाकीची यंत्रे आपली कहाणी सांगताना फार साळसूद होतात. आम्ही कसे झिजलो, कसे राबलो, कुणाचे काही मनात ठेवले नाही, वगैरे. मी मनात ठेवले आहे. अगदी जपून ठेवले आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एकाने माझे पत्र्याचे कवच दाबून काढले, दुसऱ्याने खाली पाते बसवले, तिसऱ्याने पाठीवर इंजिन चढवले आणि एका बाईंनी मला लालभडक रंग दिला. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या आत तेलाचा थेंबही नव्हता. आम्ही सगळे असे कोरडेच निघतो. पहिले तेल मालकाने घालायचे असते, आणि पुष्कळ मालक ते विसरतात. माझ्या बरोबरीचे काही भाऊ पहिल्याच दिवशी असे कोरडे पळवले गेले आणि संपले, असे मी दुकानात ऐकले होते. त्यामुळे मला कोण विकत घेणार, या काळजीने मी अर्धा झालो होतो.

मला ज्यांनी घेतले ते शिंपी होते. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. घरापुढे आणि घरामागे त्यांनी हौसेने हिरवळ लावली होती. दुकानातल्या मिस्त्रीला त्यांनी विचारले, "माझ्याकडे शिलाई मशीनचं तेल आहे. तेच घातलं तर चालेल ना?"

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "अहो, तसं केलंत तर याला उचलूनच परत आणाल. शिलाई मशीन तापतं का कधी? हा तापतो. गाडीसारखं याच्या अंगात पाणी खेळत नाही, नुसत्या वाऱ्यावर थंड होतो. तापला की तेल आणखी पातळ होतं. म्हणून याला मुळातच जाड पाहिजे. तीस नंबरचं घ्या. आणि हे पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही हं, याची तेलाची जागा वेगळी आहे."

बाबांनी ते ऐकले आणि पाळले. गवत कापायच्या आधी ते मला शेडमधल्या सिमेंटच्या सपाट जमिनीवर उभे करीत. उतारावर उभे केले की तेल एका बाजूला वाहते आणि मोजायची पट्टी खोटे बोलते, हे त्यांनी एकदा फसून शिकून घेतले होते. मग ते माझी पट्टी बाहेर काढत, खिशातल्या कापडाच्या कात्रणाने पुसत, पुन्हा आत घालत आणि उजेडात धरून बघत. पट्टीवर दोन खुणा होत्या. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये हवे. "वर गेलास तर धूर काढशील, खाली गेलास तर मला बुडवशील," असे ते मला दर वेळी सांगत. तेल काळे पडले की इंजिन जरा चालवून, कोमट असतानाच ते सगळे काढून घेत. ते काळे तेल त्यांनी कधी झाडाच्या मुळाशी ओतले नाही. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे नेऊन देत. मला ते पैलवान म्हणत. पैलवानी अंग नव्हते माझे, पण कौतुकाने दिलेले नाव कोण नाकारतो?

त्या वर्षांत मी बाबांचा लाडका होतो. बाबा कापड बेततात तसेच गवत बेतत. कडेची पट्टी आधी, मग सरळ रेघा, वळताना एकही शेंडी राहायची नाही. येणारे-जाणारे कुंपणापाशी थांबत आणि म्हणत, "वा, इस्त्री केल्यासारखी दिसतेय हिरवळ." बाबा माझ्या पाठीवर थाप मारत आणि म्हणत, "यालाच विचारा." बाबांची बायको गेली, शिलाईचे दुकान बंद झाले, लेक शिकून दातांची डॉक्टर झाली आणि लग्न करून लांब राहायला गेली. बाबांचे एकेक काम सुटत गेले. गवत कापणे तेवढे उरले, आणि ते काम माझ्याशिवाय होत नव्हते. खोटे कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

मग लेकीने याच गावात दवाखाना घेतला आणि ती जावयाला घेऊन बाबांकडे राहायला आली. सामानाची गाडी दारात थांबली. कपाटे उतरली, पुस्तकांची खोकी उतरली, आणि सगळ्यात शेवटी तो उतरला.

नवा लॉनमोवर! हिरवा, चकचकीत, मागे गवत गोळा करायची पिशवी लावलेला. त्याला दोरी ओढून चालू करावे लागत नसे. जावयाने नुसते बटण दाबले आणि तो गुरगुरला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला चालू करताना बाबांचा खांदा भरून यायचा, आणि याला बोटाने काम भागत होते. बाबांनी त्याच्याकडे एकदाच पाहिले आणि म्हणाले, "नवरदेव दिसतोय अगदी." तेव्हापासून माझ्यासाठी तो नवरदेवच.

शेडमध्ये माझी जागा होती ना, आतल्या कोपऱ्यातली, कोरडी? ती त्याला मिळाली. मला दारापाशी सरकवले. पण त्याहून मला डाचले ते त्याचे तेल. फळीवर माझा डबा होता, साधा, काळपट, वर एकच आकडा: तीस. त्याच्या शेजारी जावयाने त्याचा डबा ठेवला. सोनेरी झाकण, धरायला मूठ, आणि वर एक सोडून दोन आकडे! दहा आणि तीस. मधे एक अक्षरही होते. मला एक आकडा आणि त्याला दोन? जावई ओतताना खास नरसाळे लावायचा, आणि ते मधाच्या रंगाचे तेल झरझर उतरायचे. माझे तेल मठ्ठपणे गुपगुप पडायचे. मी रोज त्या सोनेरी झाकणाकडे बघत बसायचो.

जावई वाईट नव्हता. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कामाला होता, हसतमुख होता. एकदा त्याने बाबांना समजावूनही सांगितले होते, "पहिला आकडा थंडीसाठी, बाबा. गार सकाळी पण तेल पटकन पसरतं. नव्या इंजिनाला हेच सांगितलंय. तुमच्या जुन्याला उन्हाळ्यात तुमचंच बरं." बाबा नुसते "हं" म्हणाले. मी तर ऐकलेच नाही. त्याला सोनेरी तेल परवडते म्हणून मला नाकारतोय, असेच मला वाटले.

आता खरी गोष्ट अशी की शेडमध्ये जळणारा मी एकटा नव्हतो.

एका सकाळी जावयाने नवरदेवाला घेऊन पुढची हिरवळ कापली. लेक दवाखान्यात निघाली होती. ती पायरीवर थबकली आणि म्हणाली, "अगं बाई, किती एकसारखी झालीय! गालिचा वाटतोय." बाबा खिडकीत चहा पीत उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच राहिला. इतकी वर्षे तीच लेक तीच हिरवळ तुडवत शाळेत गेली होती, तेव्हा कधी गालिचा दिसला नव्हता तिला. बाबा शेडमध्ये आले, माझ्यापाशी उभे राहिले आणि उगाचच माझा दांडा पुसू लागले. मला त्यांचे सगळे समजत होते.

पुढच्या आठवड्यात जेवताना जावयाने विषय काढला. शेडचे दार उघडे होते, मला सगळे ऐकू येत होते. "बाबा, शेडमध्ये हिची सायकल ठेवायची आहे. दोन-दोन मोवर कशाला? जुना देऊन टाकू या का?"

"तो नव्यापेक्षा चांगला चालतो," बाबा म्हणाले.

"बरं, मग रविवारी बघू. पुढचं अर्धं तुम्ही कापा, अर्धं मी. तुमचा नीट चालला तर राहू दे, सायकल व्हरांड्यात ठेवू."

जावई हे हसत म्हणाला होता. पण बाबांनी ते पैजेसारखे घेतले. आणि माझ्यासाठी तर ती पैजच होती, कारण हरलो तर भंगारात जाणार होतो.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना बाबा शेडमध्ये आले. त्यांनी माझे जाड तेल खाली काढले. मग माझ्या डब्याकडे त्यांचा हात जाईल म्हणून मी वाट पाहत होतो, तर तो गेला सोनेरी झाकणाकडे. मित्रांनो, मला काय वाटले म्हणून सांगू! शेवटी माझ्याही नशिबी दोन आकडे आले. बाबा कुजबुजले, "महागाचं आहे, अंगी लागेल तुझ्या." पण त्यांनी भांडेभर घेतले नाही. जावयाच्या लक्षात येऊ नये म्हणून थोडेच घेतले. जेवढे हवे त्याहून कमी. आणि पट्टी काढून पाहिलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला न मोजता सोडले, कारण तेवढ्यात फाटक वाजले आणि त्यांनी घाईघाईने माझे झाकण लावले.

रविवारपर्यंत त्यांनी मागची हिरवळ सरावासाठी दोनदा कापली. ऊन कडक होते. सुरुवातीला मी इतका हलका पळालो की मलाच माझे नवल वाटले. बघ नवरदेवा, मी म्हणत होतो, हेच तुझे गुपित होते ना? पण तापल्यावर ते पातळ तेल आणखी पातळ झाले. माझे इंजिन जुने, आतल्या फटी थोड्या रुंदावलेल्या. तेल त्या फटींतून निसटून पेट्रोलबरोबर जळू लागले. निळसर धूर निघायचा. बाबांना तो दिसायचा, पण जावई व्हरांड्यात पेपर वाचत बसलेला असे. त्याच्यासमोर पट्टी काढली आणि त्यावर सोनेरी, पातळ तेल दिसले तर? बाबांनी ती काढली नाही.

रविवारी आम्ही दोघे शेजारीशेजारी उभे राहिलो. लेक पायरीवर बसली होती. जावयाने बटण दाबले, बाबांनी दोरी ओढली. पहिल्या दोन रेघा मी झकास ओढल्या. बाबा कधी नव्हे ते ताठ मानेने चालत होते. तिसऱ्या रेघेत माझ्या पोटात ठकठक सुरू झाली. लोखंडावर लोखंड घासले की कसे वाटते ते तुम्हाला सांगून कळणार नाही. चौथ्या रेघेच्या मध्यावर मी आखडलो आणि बंद पडलो. बाबांनी दोरी ओढली, ती हललीसुद्धा नाही. नवरदेव आपली बाजू कापून, पिशवी गच्च भरून, शेवटच्या वळणाला होता. त्याला घाम फुटला नव्हता. मला तेव्हा त्याचा जेवढा राग आला तेवढा कुणाचाच आला नाही.

जावई आला, मी गार होईपर्यंत थांबला आणि मग त्याने माझी पट्टी बाहेर काढली. "बाबा, तेलाचा टिपूस नाही हो यात. कोणतं घातलं होतं?"

"नेहमीचं. तीस नंबर."

"आणि एवढ्यात संपलं?" जावयाने मान हलवली. "जाड तेल असं प्यायला लागला म्हणजे आतून पार गेलाय. आता यावर खर्च करण्यात अर्थ नाही."

मी बाबांकडे बघत राहिलो. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिले. मी ओरडून सांगितले असते, अहो, मी झिजलो नाही, मला कमी घातले आणि भलतेच घातले! पण ओरडायला माझ्याजवळ काय होते?

भंगारवाल्याला निरोप गेला. तो येईपर्यंत मी दारापाशी उभा होतो. लेक एकदा दवाखान्यातला छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन आली आणि वाकून माझ्या तेलाच्या भोकात डोकावली, जणू माझी दाढच दुखत होती. बाबा मागे उभे होते. ती वळून म्हणाली, "बाबा, माझ्याकडे लोक गाल धरून येतात आणि म्हणतात, गोड काही खाल्लंच नाही डॉक्टर. तुमचा चेहरा अगदी तसा दिसतोय."

"मी तुझ्या खुर्चीत बसलेलो नाही," बाबा म्हणाले आणि निघून गेले. पण त्या दिवसापासून त्यांचे जेवणात लक्ष लागेना. हिरवळीकडे तर ते बघायचेच नाहीत. शेडकडेही फिरकायचे नाहीत. मला वाटले, झाले, बाबांनी माझ्यावर पाणी सोडले.

भंगारवाला सकाळी हातगाडी घेऊन आला. जावयाने आणि त्याने मिळून मला उचलले आणि गाडीवर आडवे टाकले. माझी चाके हवेत गरगर फिरली. शेडमध्ये नवरदेव कोरड्या कोपऱ्यात उभा होता, वर फळीवर सोनेरी झाकण चमकत होते. भंगारवाल्याने दोरी आवळायला घेतली.

"थांबा!" बाबा पायरीवरून धावत आले. धावणे म्हणायचे म्हणून, पण त्यांच्या मानाने धावणेच. "खाली घ्या त्याला."

"बाबा, आपलं ठरलंय ना?" जावई म्हणाला.

"ते तेल तुमच्या डब्यातलं होतं, जावईबापू."

जावयाला काही कळेना. बाबा एका दमात बोलत सुटले. "मी घेतलं. तुम्हाला कळू नये म्हणून कमीच घेतलं. आणि तुम्ही बघाल म्हणून पट्टी एकदाही काढली नाही. तो कोरडा पळाला बिचारा."

"पण का?"

बाबांनी लेकीकडे पाहिले. ती दारात टॉवेल हातात घेऊन उभी होती. "हिने तुमच्या हिरवळीला गालिचा म्हटलं."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच. त्याच्या इंजिनाला काही झालं नव्हतं, जावईबापू. पोटात माझ्या दुखत होतं."

जावई म्हणाला, "मागितलं असतंत तर मी अख्खा डबा दिला असता, बाबा."

"म्हणूनच नाही मागितलं," बाबा म्हणाले.

भंगारवाल्याने दोघांच्या तोंडाकडे पाहिले. "मग मी थांबू का जाऊ?" लेक हसली आणि तिने त्याला चहा दिला. मला मात्र सासरे-जावयांनी खाली घेतले, आणि माझी चाके पुन्हा सिमेंटला लागली.

बाबांनी आणि जावयाने मिळून माझ्यातला उरलासुरला काळा चिखल काढला. थोडे ताजे जाड तेल घालून, आता सुटलेली दोरी हलक्या हाताने ओढून, तेही काढून टाकले. मग तीस नंबरचे भरले, सावकाश, थांबून थांबून. मधे पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली. नरसाळे जावयाने धरले होते, तेच, नवरदेवाचे खास. मला ते फार बरे वाटले. बाबांना दोरी ओढवेना, तेव्हा जावयाने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून ओढली. दोनदा काही झाले नाही. तिसऱ्यांदा मी खोकलो, काळा धूर सोडला आणि चाललो.

पूर्वीसारखा मी राहिलेलो नाही. आत एक बारीक टकटक कायमची बसली आहे. पुढची हिरवळ आता नवरदेव कापतो आणि मागची छोटी मी. लेकीची सायकल व्हरांड्यात असते. लोक कुंपणापाशी थांबतात ते पुढेच, मागे कोण येते? त्याला अजूनही बटण आहे, पिशवी आहे, कोरडा कोपरा आहे. ते पाहून मी सुधारलो असे समजू नका. मी अजूनही जळतो. फक्त त्याच्या तेलावरून आता जळत नाही, कारण ते माझे नव्हे हे मला आतून कळले आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला त्याचेच तेल द्या. पुस्तिकेत काय लिहिले आहे ते बघा, कुणी म्हटले म्हणून नको, महाग आहे म्हणून तर मुळीच नको. सपाट जागेवर, गार असताना मोजा. काळे झाले की बदला. आणि कधी हातून भलते तेल पडले, कमी पडले, तर लगेच सांगून टाका. रागावतील फार तर. त्या सकाळी मी हातगाडीवर आडवा पडलो होतो, भंगारवाला दोरी आवळत होता, आणि मला वाचवेल असे एकच वाक्य होते. ते मला पाठ होते. पण मला तोंड नव्हते, आणि ज्यांना होते ते शेवटच्या क्षणापर्यंत गप्प होते. तुम्ही एवढा उशीर करू नका.